मागे ट्रेलर जोडला की मधली लेन विसरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रोड ट्रिपवर लेख आला होता, ट्रॅव्हल ट्रेलर गाडीला जोडून कॅलिफोर्निया कसा फिरायचा असा. लेख छान होता, फोटो तर मस्तच, इकडच्या आमच्या ग्रुपवर पण फिरला. पण त्यात मध्येच एक वाक्य होतं, की मागे ट्रेलर असेल तर सरळ मधली लेन धरायची आणि आजूबाजूच्या ट्रॅफिकच्या स्पीडने चालायचं, तेच सगळ्यात सेफ. हे वाचलं आणि म्हटलं आता पत्र लिहायलाच हवं, कारण कॅलिफोर्नियात यातल्या दोन्ही गोष्टी कायद्यात बसत नाहीत, आणि दरवर्षी उन्हाळ्यात मुलांकडे येणारे कितीतरी लोक तुमचा पेपर वाचूनच प्लॅन करतात, शिवाय इथे राहणारी तरुण मंडळी पण वाचतात आणि त्यांनाही हे माहीत नसतं. मी इथे सॅक्रामेंटोजवळ राहते, घरी ट्रेलर आहे, मी आणि नवरा दोघंही आळीपाळीने चालवतो, तेव्हा हे काही फक्त पुस्तकातलं सांगत नाहीये.

आधी एक घोळ निस्तरते. लेखात मोटरहोम आणि ट्रॅव्हल ट्रेलर एकच समजून लिहिलंय. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं, चाकावरचं घर आणि त्याचा ड्रायव्हर एकाच डब्यात. ट्रॅव्हल ट्रेलरला इंजिन नसतं, तो पिकअप नाहीतर मोठ्या एसयूव्हीच्या मागे हिचला, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीला, जोडून ओढायचा. आता गंमत अशी की साध्या मोटरहोमला हा खालचा स्पीडचा आणि लेनचा नियम लागत नाही, तो बाकीच्या गाड्यांसारखा जाऊ शकतो, पण त्याच मोटरहोमच्या मागे लोक फिरायला सोपी म्हणून छोटी कार बांधतात ना, ती बांधली की लगेच लागतो. म्हणजे कायदा तुमची गाडी किती मोठी आहे हे बघत नाही, तुम्ही मागे दुसरं काही ओढताय का एवढंच बघतो. छोटासा सामानाचा ट्रेलर असला तरी तेच. आणि हो, विमानतळावर भाड्याने घेतलेल्या कारला ट्रेलर जोडायचा विचार कोणी करत असेल तर अ‍ॅग्रीमेंट आधी वाचा, बहुतेक कंपन्यांना ते चालतच नाही.

स्पीडचं बघा. कॅलिफोर्निया व्हेइकल कोडचं कलम २२४०६, दुसरं वाहन ओढणाऱ्या कुठल्याही गाडीला ताशी ५५ मैल ही कमाल मर्यादा, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. फ्रीवेवर, म्हणजे सिग्नल नसलेल्या मोठ्या हायवेवर, पाटी ६५ ची असो नाहीतर सेंट्रल व्हॅलीतल्या आय-५ या फ्रीवेवर ७० ची असो, ती पाटी तुमच्यासाठी नाहीच. तुमच्यासाठी वेगळी छोटी पाटी असते, ट्रक आणि ट्रेलरवाल्यांना ५५ अशी, आणि ती बरेच जण बघतच नाहीत कारण आपण कार चालवतोय असंच डोक्यात असतं. १९७४ मध्ये तेलाच्या टंचाईमुळे अख्ख्या देशात सगळ्यांनाच ५५ ची मर्यादा केली होती, १९८७ मध्ये शहराबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ ची मुभा दिली, १९९५ मध्ये केंद्राचं बंधन पूर्ण गेलं आणि राज्यांनी आपापले आकडे वाढवले. इथे कारवाले ६५-७० ला गेले, ट्रेलरवाले ५५ लाच राहिले.

आता लेनचं. लेखकाची चूक इथे जास्त मोठी आहे. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे हळू लेन म्हणजे सगळ्यात उजवीकडची, भारतातून पहिल्यांदा येणाऱ्याचा इथेच आधी गोंधळ होतो. कलम २१६५५ सांगतं की ज्यांना ही ५५ ची मर्यादा आहे त्यांनी त्यांच्यासाठी पाटी लावून ठरवलेल्या लेनमध्ये चालायचं, आणि तशी पाटी नसेल तर सगळ्यात उजव्या लेनमध्ये. मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्याला एका दिशेने चार किंवा जास्त लेन असतील तरच उजवीकडून दुसरी लेन पण चालते. ओव्हरटेक करायचं असेल तर उजवीकडून दुसऱ्या लेनपर्यंत जायची परवानगी आहे, त्याच्या डावीकडे नाही. म्हणजे तीन लेनच्या फ्रीवेवर मधली लेन ही फक्त ओव्हरटेकपुरती, तिथे बसून तासभर गाणी ऐकत जायचं नाही. लेखातला मधली लेन पकडा हा सल्ला तीन लेनच्या रस्त्यावर सरळ दंडाचं तिकीट मिळवून देणारा आहे.

अपवाद आहेत, ते पण सांगते नाहीतर कोणी घाबरून एक्झिटच चुकवेल. डावीकडे वळायचं असेल, फ्रीवेवर शिरताना किंवा बाहेर पडताना, आणि तुमचा रस्ताच डावीकडच्या लेनमधून फुटत असेल तर तिकडे जावंच लागतं, कायद्यालाही ते मान्य आहे. सॅक्रामेंटोत नाहीतर लॉस एंजेलिसमध्ये जिथे दोन-तीन फ्रीवे एकमेकांत घुसतात तिथे उजवी लेन अचानक फक्त एक्झिटची होऊन जाते, तेव्हा हे होणारच. फक्त पुढचा फाटा आधीपासून बघून ठेवायचा, शेवटच्या क्षणी एवढं लांब शेपूट घेऊन तीन लेन कापणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. अजून एक, इथे लेनचे नंबर डावीकडून मोजतात, एक नंबरची लेन म्हणजे सगळ्यात डावी. रेडिओवर सांगतात की दोन नंबरची लेन बंद आहे, तर ती डावीकडून दुसरी. मित्राने फोनवर दुसऱ्या लेनमध्ये रहा म्हणून सांगितलं तर आधी विचारा की बाबा कुठून मोजतोयस.

आता मला माहितीये यावर लोक काय म्हणणार, कारण आमच्याकडे प्रत्येक पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हाच वाद होतो. म्हणणार की सगळे ७० ने जातायत आणि तुम्ही ५५ ने, हाच फरक धोक्याचा आहे, आणि उजव्या लेनमध्ये तर दर मैलाला रॅम्पवरून नवीन गाड्या घुसतात, त्यांना जागा देता देता जीव जातो, त्यापेक्षा मधली लेन शांत. हे काही अगदी खोटं नाही. शहरातून जाताना उजवी लेन खरंच वैताग आणते, रॅम्पवरचा माणूस स्पीड वाढवणार की थांबणार हे त्याचं त्यालाच ठरवता येत नसतं आणि आपण तर पटकन थांबू शकत नाही. चार लेनच्या रस्त्याला दुसरी लेन दिलीये ती बहुधा म्हणूनच, आणि माझं मत विचाराल तर शहरातल्या तीन लेनच्या पट्ट्यातही ती द्यायला हरकत नव्हती. वेगातल्या फरकाचाही मुद्दा बरोबर आहे, सरकारने त्यावर नव्याने विचार करावा. पण म्हणून आज ट्रेलर घेऊन ७० ने मधून जा असं छापणं बरोबर नाही, कारण ५५ च्या मागे जे कारण आहे ते कायदा बदलला तरी बदलणार नाहीये.

ते कारण म्हणजे ट्रेलरचं डोलणं, इथे त्याला स्वे म्हणतात. ज्याने एकदा अनुभवलंय तो परत ६५ च्या वर जायचं नाव काढत नाही. होतं काय, शेजारून मोठा ट्रक वेगाने पुढे जातो तेव्हा त्याच्या नाकापुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि ट्रकचं अंग पुढे सरकलं की तीच हवा आत ओढते. ट्रेलर तर हिचच्या एका बॉलवर टेकलेला, तो डावीकडे जातो, मग उजवीकडे, आणि स्पीड जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी पुढच्या गाडीलाच फिरवतो. हळू असाल तर तोच धक्का दोन हेलकाव्यांत जिरून जातो. अशा वेळी माणूस घाबरून जोरात ब्रेक मारतो नाहीतर स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो, आणि दोन्हीने जास्तच बिघडतं. करायचं ते असं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि डॅशबोर्डजवळ ब्रेक कंट्रोलर असतो त्याची दांडी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ही दांडी कुठे आहे हे निघायच्या आधीच न बघता सापडायला पाहिजे, गाडीत बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला.

सामान कसं भरलंय यावर पण खूप अवलंबून असतं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के हिचवर यायला हवं. मागे सायकली टांगल्या, मागच्या टाकीत पाणी भरलं, मागच्या कपाटात तांदळाची पोती ठेवली की पुढचा भार कमी होतो आणि ट्रेलर डोलायला तयारच असतो. ४० गॅलन पाणी म्हणजे दीडशे किलोच्या आसपास होतं, गंमत नाही. शिवाय टायर. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यावर एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं, आणि त्यातले कितीतरी ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात, उन्हाळ्यात वाळवंटातून ७५ ने नेले की फुटणारच, मग टायर बनवणाऱ्या कंपनीला शिव्या. आणि थांबायचं अंतर, ते स्पीडच्या वर्गाने वाढतं. ५५ ऐवजी ७० ने गेलात तर तेवढंच वजन थांबवायला ब्रेकना ६० टक्क्यांहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते, आणि मागे तीन-साडेतीन टन लागलेलं असताना हा फरक पायाला चांगलाच कळतो.

ओव्हरटेकचं पण एक गणित मांडते, कारण आय-५ वर सेंट्रल व्हॅलीत एका दिशेने दोनच लेन आहेत लांबच लांब, आणि तिथे हा प्रकार रोज दिसतो. तुमची गाडी आणि ट्रेलर मिळून ५० फूट, समोरचा ट्रक ७० फूट, बाहेर पडताना आणि परत आत येताना शंभर-शंभर फूट मोकळे, झाले ३२० फूट. ट्रक ५२ ने चाललाय आणि तुम्ही कायद्याने ५५ ने, म्हणजे फरक ताशी ३ मैलांचा. एवढ्या फरकाने ते ३२० फूट काटायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं आणि तेवढ्यात तुम्ही एक मैलाहून जास्त रस्ता डाव्या लेनमध्ये अडवून बसलेले असता, मागे ७० ने येणाऱ्यांची रांग लागलेली, कोणी दिवे मारतंय, कोणी उजवीकडून घुसायला बघतंय. मिळवलं काय, तर पुढच्या रेस्ट एरियाला दोन-तीन मिनिटं आधी पोचलात. मी तर आता ५२ वाल्या ट्रकच्या मागेच राहते, चहा थर्मासमध्ये असतोच. चढावर ट्रक ३५ वर येतो तेव्हा गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर जा, पण लॉस एंजेलिसकडून उत्तरेला जाताना ग्रेपव्हाइनच्या उतारावर मात्र अजिबात नाही. तिथे वरूनच खालचा गिअर टाकून उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही, तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत.

आता थोडं कारवाल्यांना, कारण ट्रेलरवाले सगळे मिळून किती, तुमचे बहुतेक वाचक कारमध्येच असणार. आम्ही पुढे जी मोठी जागा सोडतो ना, ती तुमच्यासाठी नसते हो. ती आमची थांबायची जागा आहे. फ्रीवेवर ती रिकामी दिसली की एखादा टेस्लावाला अलगद त्यात येऊन बसतो आणि लगेच ब्रेक मारतो, की झालं, आम्ही परत मागे सरकायचं, परत जागा करायची, परत दुसरा येतो. शहराबाहेर जिथे आपल्या दिशेने एकच लेन असते तिथे तर कायदाच आहे की ५५ वाल्या दोन गाड्यांमध्ये कमीत कमी ३०० फूट अंतर हवं, ते काही आम्ही झोपा काढतोय म्हणून नसतं. आणि ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याला चिकटून चालू नका, कितीही मोठे आरसे लावले तरी तिथे तुम्ही आम्हाला दिसत नाही. आरशांतून मागचं २०० फूट दिसलं पाहिजे असा नियम आहे, म्हणून आम्ही ते बाहेर काढलेले मोठे कान लावतो, पण अगदी पाठीला लागलेली कार त्यातही दिसत नाही.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम. एक, कारपूल लेन, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव लेन. गाडीत आई-बाबा, सासू-सासरे, मुलं सगळे कोंबलेले, मग काय, माणसं भरपूर आहेत, जाऊया कारपूलमधून, असं वाटणं साहजिक आहे. चालत नाही. मागे ट्रेलर असेल तर आत दहा माणसं असली तरी कॅलिफोर्नियातली कारपूल लेन बंद. दोन, आणि हे ऐकून मला खरंच धडकी भरते, आजी-आजोबांना लांबचा प्रवास झेपत नाही म्हणून त्यांना मागे ट्रेलरमध्ये बेडवर झोपवून नेऊया असं लोक चक्क ठरवतात. ट्रॅव्हल ट्रेलर चालू असताना आत माणूस बसवायला इथे मनाई आहे. पिकअपच्या हौद्यात जोडतात तो फिफ्थ व्हील प्रकार असतो त्याला काही अटींवर सूट आहे, सेफ्टी काच, ड्रायव्हरशी बोलायची सोय, आतून-बाहेरून उघडणारं दार वगैरे, पण आपल्या साध्या ट्रेलरला नाही. मागे सीटबेल्ट नसतात, आणि वर डोलण्याचं लिहिलंय ते आत झोपलेल्या माणसासकट डोळ्यासमोर आणून बघा.

डोंगरातल्या दोन लेनच्या रस्त्यांवर, म्हणजे बिग सरचा समुद्रकाठचा हायवे १ नाहीतर योसेमिटीकडे जाणारे रस्ते, तिथे वेगळीच शिस्त लागते. ओव्हरटेक करणं सुरक्षित नाही अशा रस्त्यावर तुम्ही हळू चालला असाल आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर पुढच्या टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं, हाही कायदाच आहे, उपकार नाही. मी तर तीन दिसल्या तरी बाजूला होते, मागून कोणी दात खात येतोय हे कळलं की समुद्राकडे लक्षच लागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या बाहेर गेलात तर सगळं परत वेगळं, आणि लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही. वॉशिंग्टन राज्यात ट्रेलरवाल्यांना कमाल ६० आणि एका दिशेने तीन किंवा जास्त लेनच्या फ्रीवेवर सगळ्यात डावी लेन बंद. पूर्वेला न्यूयॉर्कचे पार्कवे, म्हणजे कारसाठीचे जुने हायवे, आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे, तिथे ट्रेलरला प्रवेशच नाही, जुने कमी उंचीचे कमानी पूल आहेत, आणि फोनवरचा साधा मॅप तुम्हाला खुशाल त्यात घालतो कारण त्याच्या लेखी तुम्ही कार आहात. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांमधून स्वयंपाकाच्या प्रोपेनच्या नेहमीच्या टाक्या घेऊन जाता येत नाही, पूर्वी ट्रेलरवाले फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग टू द सन रोडवर डोंगराच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब काहीच चालत नाही, म्हणजे ट्रेलर खाली कॅम्पग्राउंडवर सोडून नुसती गाडी घेऊन जायचं. त्यामुळे राज्य ओलांडायच्या आधी त्या त्या राज्याचे टोइंगचे नियम, ब्रेक किती वजनाला लागतात, लायसन्स कुठलं चालतं, हे बघून ठेवावं. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर १०,००० पाउंडापर्यंतचा ट्रेलर चालतो, त्याच्या वर गेलं की वेगळी परीक्षा.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि आतल्या पानावर कोपऱ्यात नको, लेख जिथे आला होता तिथेच. वेबसाइटवर तो लेख अजून तसाच आहे, मधल्या लेनचा सल्ला पण तसाच. मेच्या शेवटी मेमोरियल डेचा लाँग वीकेंड आला की इकडे पहिल्यांदा ट्रेलर काढणाऱ्यांची गर्दी सुरू होते, त्याच्या आधी झालं तर बरं.

आपली,
एक नियमित वाचक,
सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया